लाल काटा आणि भाऊजींचा मान

सूड घ्यायला अंगात धमक लागते म्हणतात. माझ्यात ती नाही. अंगणात शिरलेली शेजाऱ्याची कोंबडीसुद्धा मला हाकलता येत नाही. ती माझ्याकडे बघते, दाणे संपवते आणि मग आपल्या सोयीने निघून जाते. म्हणून भाऊजींवर, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीच्या नवऱ्यावर, मी जो सूड घेतला तो काहीही न करता घेतला.

दिवाळी झाली की आमच्या भागात मंडया, म्हणजे गावजत्रा, सुरू होतात. आज या गावाची, उद्या त्या गावाची. गावोगावचे पाहुणे जमतात, दुपारभर दंडारीचं लोकनाट्य रंगतं, आणि पोरापोरींची लग्नं तिथेच अर्धीअधिक ठरतात. भाऊजींना एकही मंडई चुकलेली चालत नाही. घरी मोटारसायकल आहे, पण मोटारसायकलवरून उतरणाऱ्याला मंडईत पुढची खुर्ची मिळत नाही, असं त्यांचं पक्कं मत. मग ते सौंदडहून निघतात, गोंदियाला रेल्वे बदलतात, आमगावात माझ्या दारात येतात, चहा पितात आणि हात पुढे करतात. माझ्या कारची चावी मागत नाहीत, नुसता हात पुढे करतात. जवाई माणूस. जवायाला नाही म्हणायची पद्धत आमच्या घरात आजोबांनी पाडली नाही, वडिलांनी पाडली नाही. मी तर कोंबडीलाही नाही म्हणू शकत नाही.

मंडयांचा हंगाम सरला की गाडी परत येते. पुसलेली, आरशाला झेंडूची माळ लावलेली, आणि पेट्रोलचा काटा लालवर. दरवर्षी. मग मी जीव मुठीत धरून ती पेट्रोल पंपापर्यंत नेतो, टाकी भरतो, आणि वाटेत भाऊजींना मनातल्या मनात जे बोलतो ते लिहिण्यासारखं नाही.

गाडी आधीच दुसऱ्या हाताची. तिच्या काळजीने मी मोबाइलवर नाही नाही ते पाहत असे. त्यात कळलं की टाकीच्या आतच विजेवर चालणारा एक छोटा पंप असतो. तो पेट्रोलात बुडून राहतो आणि पेट्रोलानेच थंड राहतो. पेट्रोल तळाला गेलं की तो उघडा पडतो, तापतो. एखाद्या वेळी चालून जातं, पण तीच सवय ठेवली तर बिचारा वयाआधी जातो.

हे मी भाऊजींना पुतणीच्या साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, पंगतीत शेजारी बसून, अगदी हळू आवाजात सांगितलं. त्यांनी हळू आवाज ठेवला नाही.

"टाकीत पेट्रोल ठेवून व्याज भेटते का जी, साळेबुवा? लालवरच गाडी हलकी चालते." मग पंगतीकडे वळून, "मोबाइल पाहून पाहून हे आता पंपाचे डाक्टर होऊन राहिले."

सगळी पंगत हसली. पंगत हसली त्याचं मला काही नाही. पण माझी बायको तेव्हा वरण वाढत होती, आणि ती इतकी हसली की वरण माझ्या जिलेबीवर सांडलं. ती जिलेबी मी तशीच खाल्ली. त्याच दिवशी मी ठरवलं की या माणसाच्या तोंडून, काट्याकडे बघून, पेट्रोल भरा हे शब्द काढायचे.

पुढच्या हंगामात संधी आली. गाडी या वेळी हंगाम सरायच्या आधीच परत आली, काटा नेहमीसारखा लालवर, आणि मी ती भरलीच नाही. झेंडूच्या माळेसकट तशीच उभी ठेवली. कारण हंगामातली शेवटची, दरेकशाकडच्या डोंगरातली मंडई अजून बाकी होती, आणि तिच्या पत्रिकेवर उद्घाटक म्हणून भाऊजींचं नाव छापलेलं होतं. ते येतील, हात पुढे करतील, आणि त्यांनी जी गाडी दिली तीच मी त्यांना देईन. मी आमगावात पाय पसरून बसेन आणि ते घाटात बसतील.

ते आले. पांढरेशुभ्र कपडे, डोक्यावर फेटा, सोबत ताई. चहा झाला. हात मात्र पुढे आला नाही. उद्घाटकाने स्वतः गाडी चालवत जाणं बरं दिसत नाही, साळेबुवांनीच चालवावी, असं त्यांचं म्हणणं पडलं. ताईही म्हणाली, चल ना रे. बायकोला काटा ठाऊक होता. तिने माझा डबा भरून दिला आणि पाण्याच्या दोन बाटल्या जास्तीच्या ठेवल्या.

आमगावच्या बाहेर पेट्रोल पंप आला. मी वेग कमी केला नाही. भाऊजी शेजारीच बसले होते. काटा त्यांनाही दिसत होता. पण भरा म्हणावं तर आजवर पंगतीपंगतीत सांगितलेलं सगळं खोटं पडतं. आणि मी आपणहून भरलं तर मी पुन्हा तोच, दरवर्षी टाकी भरणारा. दोघंही समोर बघत राहिलो. सालेकशाचा पंप आला. तिथे त्यांची मान जराशी वळली. माझा पाय जरासा ब्रेककडे सरकला. पंप मागे गेला. पुढे जंगल, आणि काट्याशेजारी पेटलेला पिवळा दिवा.

चढ लागल्यावर ताईने मागून विचारलं, "अरे, माझ्या सीटखाली काय गुणगुणून राहिलं रे?"

"पंप आहे ताई. तापला की गातो."

भाऊजी खाकरले. फेटा नीट केला. पुन्हा खाकरले.

"साळेबुवा, काटा पाहिला का?"

"पाहिला नं. हलकी चालते म्हणून ठेवला."

"अजी, मागं पंप होता. भरून घ्यायचं होतं."

निघाले शब्द. अगदी तेच नाहीत, पण मी घासाघीस केली नाही. "टाकीत ठेवून व्याज भेटते का जी?" म्हणालो. मागून ताई जी हसली, ते हसू मला त्या जिलेबीपेक्षा कितीतरी गोड लागलं.

पुढच्या वळणावर गाडीने दोन आचके दिले आणि ती उभी राहिली.

मंडईला निघालेला एक ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत दंडारीची मंडळी, तोंडाला रंग लावून, लुगडी नेसून तयार. त्यातल्या एका मिशीवाल्या नाचीने उद्घाटकांना हात देऊन वर ओढलं आणि पडू नयेत म्हणून वाटभर त्यांच्या कमरेला धरून ठेवलं. तो ट्रॅक्टर दिसेनासा होईपर्यंत मी बघत होतो. आयुष्यात मी फार सुंदर दृश्यं पाहिलेली नाहीत.

ट्रॉलीत जागा एकाचीच होती. ताई माझ्यासोबत राहिली. साजाच्या झाडाखाली बसून आम्ही डबा उघडला. डोंगरापलीकडून ढोलकी ऐकू येत होती.

"सूड त्यांचा घेतला का माझा?" ताई म्हणाली. "मंडई मलेही पाहायची होती."

मी माझ्या वाट्याच्या पुऱ्या तिच्याकडे सरकवल्या. तिने त्या सगळ्या खाल्ल्या. तो तिचा सूड असावा.

पुढे एका मोटारसायकलवाल्याने गावातून बाटलीभर पेट्रोल आणून दिलं. मी ते ओतलं, चावी फिरवली. चावी फिरवली की मागून बारीकशी घुर्र ऐकू येते, ती आली नाही. पंप गेला होता. माझा पंप, माझ्या गाडीतला, आणि नवा बसवायचा तोही मलाच. मिस्तरी म्हणाला, हा एका दिवसात मरत नाही, वर्षानुवर्षं तापून मरतो. हे मी भाऊजींना फोन करून कळवलं. ते म्हणाले, शेवटच्या दिवशी चालवत कोण होतं? आता हाच प्रश्न ते सगळ्या नातेवाइकांना विचारतात, आणि नातेवाईक माझ्याकडे बघतात.

जुना पंप मी टाकला नाही. धुऊन, पुसून ठेवला. यंदाच्या मंडयांना भाऊजी आले तेव्हा चहाच्या ट्रेमध्ये कपबशीला लागून तो होता. त्यांनी त्याच्याकडे न बघता चहा घेतला आणि हात पुढे केला. मी चावी दिली. गाडी परत आली तेव्हा काटा अर्ध्याच्या वर होता.

बायको म्हणते, जिंकले ना, मग आता फेका ते भंगार. पण भाऊजी आपली चूक होती असं अजून बोललेले नाहीत. बोलले तरी माझ्या ओसरीवर बोलून भागणार नाही. हसू पंगतीत झालं होतं, शब्दही पंगतीतच पाहिजे.

माघात भाच्याचं लग्न आहे. पंगत भाऊजींच्याच दारात. आहेराच्या पिशवीत पंप मावतो का, ते मी कालच पाहिलं. मावतो.