कानपिळीचं लाइव्ह प्रक्षेपण

इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय आणि खरं सांगायचं तर निम्म्याहून जास्त वेळा हसलोय. कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाला पैंजण ऐकू येतात... मी धंद्याने व्हिडिओ शूटिंगवाला होतो. नवीन कॅमेरा आणला की बायको त्याच्यापुढे नारळ फोडायला लावायची आणि मी लगेच त्याची चटणी कर म्हणायचो. विश्वास ठेवायचा तर वायरीवर — नीट जोडली तर चित्र येतं, नाही जोडली तर येत नाही. एवढंच माझं अध्यात्म.

तरी हे लिहितोय. का, ते शेवटी कळेल.

२००५ च्या मे महिन्यातली गोष्ट. नाशिकला द्वारका चौकात माझा स्टुडिओ होता, लग्नाच्या सीड्या करून द्यायचो. ब्रॉडबँड नुकतंच आलं होतं आणि मला खाज — लग्न इंटरनेटवर लाइव्ह दाखवायचं. दोन महिने डोकं घालून शिकलो. कॅमेऱ्याची वायर लॅपटॉपला, लॅपटॉपमधलं एन्कोडर नावाचं सॉफ्टवेअर चित्र दाबून बारीक करून कुठल्या तरी परदेशातल्या सर्व्हरला पाठवणार, आणि ज्याच्याकडे लिंक आहे तो आपल्या कॉम्प्युटरवर प्लेअर उघडून बघणार. चित्र काडेपेटीएवढं, तेही मध्येच अडकायचं. आणि एक लक्षात ठेवा — इथे घडलेलं तिकडे चाळीसेक सेकंद उशिरा दिसायचं. नेहमी उशिरा. लवकर दिसण्याचा प्रश्नच नाही, कारण जे अजून कॅमेऱ्यात गेलंच नाही ते दिसणार कुठून?

पहिलं गिऱ्हाईक माझा शाळेतला मित्र, संदीप. मस्कतला नोकरीला होता आणि सख्ख्या बहिणीच्या, मनीषाच्या लग्नाला त्याला सुट्टी मिळाली नाही. फोनवर रडला गडी. लग्न चुकतंय त्यापेक्षा कानपिळी चुकतेय याचं त्याला जास्त लागलं होतं. लाजाहोमाच्या वेळी नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, बहिणीला नीट सांभाळ म्हणून, आणि नवरदेव त्याला मानाचा पोशाख देतो. संदीपचा तो मान आता त्याच्या चुलतभावाकडे, राजाकडे गेला होता. राजा अंबडला एका कंपनीत लेथवर कामाला. पंचविशीचा, अंगाने दणकट, सतत हसणारा. दोघं एका ताटात जेवून मोठे झालेले.

कार्यालय नाशिक रोडला. कार्यालयाच्या ऑफिसात नेट होतं, तिथून मी लांबलचक केबल ओढून स्टेजपर्यंत आणली होती. कॅमेरा स्टँडवर, त्याच्या मागे टेबलावर लॅपटॉप. स्टेजच्या दोन्ही बाजूंना कार्यालयाच्या दोन कंबरेएवढ्या पितळी समया. अक्षता पडल्या, संदीपचा मस्कतहून मेसेज आला — 'दिसतंय रे, सगळं दिसतंय.' मी हवेत. पंगती बसल्या, स्टेजवर भटजी होमाची तयारी करत होते.

एक वाजून आठ मिनिटांनी माझा मोबाईल वाजला. संदीप.

"थांबव त्यांना. राजाला मारतायत. समईने मारतायत, तू बघत काय उभा राहिलास?"

मी मान वळवली. राजा पंगतीत मठ्ठ्याचं भांडं घेऊन फिरत होता, कुणाला तरी आग्रह करत होता. म्हटलं, अरे बाबा, तो मठ्ठा वाढतोय. संदीप ऐकेचना. सांगत सुटला — राजाने कान पिळला, नवरदेव ओरडला, त्याच्या कानातून रक्त आलं. करड्या सफारीतला एक माणूस आला, त्याने समई उपटली. राजाचा पांढरा शर्ट लाल झालाय. "आणि तू टेबलाशी उभा आहेस, फोन कानाला लावून. स्क्रीनमध्ये बघतोयस."

मी लॅपटॉप पाहिला. एन्कोडर व्यवस्थित चालू, चित्रात होमकुंड आणि भटजींचं टक्कल. मला राग आला हो. एक तर पहिलं काम, त्यात हा असलं बडबडतोय. म्हटलं, दुसरा कुठला व्हिडिओ उघडला असशील, प्लेअर बंद करून परत लाव. तो रडत म्हणाला, "काहीही कर. राजाला कान पिळू देऊ नकोस. त्याला सांग मी काय बघितलं ते." मी हो म्हणून फोन ठेवला.

आता नीट ऐका. करड्या सफारीतला माणूस खरंच होता. नवरदेवाचा मामा. संदीपने त्याला जन्मात पाहिलं नव्हतं आणि तोवर माझ्या चित्रातही तो आला नव्हता, जेवणाच्या हॉलमध्येच होता. हे मला तेव्हाच जाणवलं. पण असलं मनात आणलं म्हणून मी स्वतःलाच शिवी घातली.

राजाकडे गेलो. म्हटलं, संदीप म्हणतोय कान पिळू नकोस. राजा हसला.

"दादा, तुमचं मशीन बिघडलं असल. काल फोनवर मलाच म्हणला, माझ्या वाटचं पण पिळ, लय जोरात पिळ. आता नाय कसं म्हणल?"

मी तोंड उघडलं... आणि मिटलं. मांडवात हळदीच्या अंगाने पोरगी बसलेली, आजूबाजूला पाहुणे, आणि मी रक्ताचं, मारहाणीचं बोलू? शुभकार्यात असलं तोंडातून काढू नये, एवढंच डोक्यात आलं. नारळाची चटणी करणारा मी! म्हटलं, बेतानं पिळ, आणि परत टेबलाशी आलो.

लाजाहोम सुरू झाला. राजा हात धुऊन आला. बायका हसत होत्या, पिळ, पिळ म्हणत होत्या. राजाने माझ्या कॅमेऱ्याकडे बघून हात केला — संदीपसाठी — आणि नवरदेवाचा उजवा कान धरून जोरात पिळला.

नवरदेव जनावरासारखा ओरडला. पंधरा दिवसांपूर्वी त्या कानाचं ऑपरेशन झालेलं होतं. लग्न मोडेल म्हणून मुलाकडच्यांनी ते लपवलं होतं, हे नंतर कळलं. कानातून रक्त मुंडावळ्यांवर, तिथून मनीषाच्या शालूवर. नवरदेवाने राजाच्या तोंडावर बुक्की मारली. राजा भांबावला, माफी मागायला हात जोडत होता, तेवढ्यात नवरदेवाच्या दोन मित्रांनी त्याला मागून धरून खाली पाडलं. लाथा सुरू झाल्या. बरगडीत, पोटात, तोंडावर. मनीषा मध्ये पडली, तिला ढकललं, तिचा हात होमाच्या विटेवर आपटला. राजाचे दात मला स्टेजच्या सतरंजीवर दिसले.

मी स्टेजकडे धावणार, एवढ्यात मोबाईल वाजला. एक वाजून एकतीस मिनिटं. मला वाटलं, संदीप काहीतरी सांगेल, कसं थांबवायचं ते सांगेल. मी फोन कानाला लावला.

तो अगदी शांत होता. रडून थकलेला. "चित्र अडकलंय रे," म्हणाला, "मघापासून नुसतं बफरिंग दिसतंय. राजाला सांगितलंस ना? काय चाललंय तिकडे?"

मी त्याचं चित्र कुठे अडकलंय ते बघायला स्क्रीनकडे वळलो. सवय हो, दुसरं काय. स्क्रीनमध्ये करडी सफारी दिसली. मामाने समई उपटली, पेटत्या वाती आणि तेल सगळीकडे उडालं, आणि त्याने ती दोन्ही हातांनी डोक्यावरून खाली आणली. पितळेचा आवाज मला खरा, मागून आला. एकदा. मग परत. तिसऱ्यांदा आवाज वेगळा होता, मऊ. तेव्हा मला कळलं की मी टेबलाशी उभा आहे, फोन कानाला आहे आणि मी स्क्रीनमध्ये बघतोय.

पुढे सगळे तुटून पडले. खुर्च्या, ताटं, जे हाताला लागेल ते. मामालाही एवढं मारलं की पोलीस आले तेव्हा तो ओळखू येत नव्हता. राजा तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्येच वारला. मनीषाने मंगळसूत्र लग्नाच्या दिवशीच काढून होमात टाकलं होतं.

पोलिसांनी लॅपटॉप नेला. त्यातल्या रेकॉर्डिंगमध्ये सगळं एकदाच आहे, दीड वाजता, जसं घडलं तसं. एक वाजून आठ मिनिटांनी फक्त होमकुंड आणि भटजी. दोन्ही कॉलच्या वेळा माझ्या मोबाईलमध्ये होत्या, त्या मी वहीत उतरवून ठेवल्यात. आणखी एक — माझा कॅमेरा स्टेजकडे तोंड करून होता. टेबल त्याच्या मागे. मी त्याच्या चित्रात येऊच शकत नव्हतो. मग संदीपने मला कुठून पाहिलं? या विषयातल्या चार जाणकारांना विचारलं. दोघांनी घड्याळ चुकलं असेल म्हटलं, एकजण हसला, एकाने विषय बदलला. मी तो धंदा सोडला. आज एवढी वर्षं झाली, सगळं जग मोबाईलवर लाइव्ह दाखवतं, मी बघत नाही.

संदीप राजाच्या दहाव्याला आला. गोदावरीवर विधी चालले होते, कावळा पिंडाला शिवत नव्हता. तो माझ्याशेजारी येऊन बसला आणि एवढंच विचारलं, "तू त्याला सगळं सांगितलं होतंस ना? समईचं, रक्ताचं?"

मी म्हणालो, "हो. सगळं सांगितलं. त्याने हसण्यावारी नेलं."

त्याने मान हलवली. म्हणाला, राजा होताच तसा, कुणाचं ऐकायचा नाही. माझ्यामुळेच हट्टाला पेटला असेल, मीच आदल्या दिवशी जोरात पिळ म्हणालो ना. तेव्हापासून तो हेच म्हणतो, दर वर्षी मेमध्ये फोन करतो आणि हेच म्हणतो.

कुणाकडे या चित्राचं स्पष्टीकरण असेल तर सांगा, माझ्याकडे नाही. पण हे त्यासाठी लिहिलेलं नाही. संदीपही इथे वाचतो, मला माहितेय. संदीप, मी नव्हतं सांगितलं. मी फक्त बेतानं पिळ म्हणालो होतो.