आठ सुया मोडणारी गोधडी

“काका, तुमची गोधडी आत्ताच्या आत्ता इथून उचला! सात सुया मोडल्या माझ्या… सात!”

फोन स्पीकरवर नव्हता, तरी त्या मुलीचा आवाज थेट स्वयंपाकघरात पोचला. आमची सौ. सुमन लाटणं हातात घेऊनच बाहेर आली.

“कुठली गोधडी? बाईंच्या गाठोड्यातली? त्यांना न विचारता दिलीत तुम्ही?”

“सरप्राइज होतं…” एवढंच मी म्हणालो आणि चपला घातल्या.

मंडळी, तीस वर्षं मी नागापूर एमआयडीसीत लेथ चालवला. मशीनला तेल लागतं, नजर लागत नाही, हे शिकाऊ पोरांना ओरडून ओरडून सांगितलं. करणी-बिरणी, भूतखेत… आपला विश्वास शून्य. आता मला वाढवून सांगायची खोड आहे हे अख्ख्या सावेडीला ठाऊक आहे. मी साप दिसला म्हणालो तर लोक गांडूळही धरत नाहीत. म्हणून ठरवलंय, वाढवीन तिथे लगेच कबूल करीन.

तर बाई म्हणजे माझी आई. आम्ही सगळी भावंडं तिला बाईच म्हणतो. मूळची नेवाशाकडची. माझ्या स्वातीला दिवस गेल्याचं कळलं त्याच दिवशी बाईनं पणतवंडासाठी गोधडी मांडली. स्वतःची जुनी लुगडी, आमच्या वडिलांचं एक धोतर, स्वातीचा लहानपणीचा फ्रॉक… सगळं एकावर एक टाचून झालं, आणि लकव्यानं उजवा हात गेला. हात बसला तशी बाईही बसली. चार महिने कोणाशी धड बोलणं नाही. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला, तो तिनं डाव्या हातानं गॅलरीतून खाली फेकला. (चेंडू थेट भिंगारपर्यंत गेला. बरं… समोरच्यांच्या टाकीवर गेला.)

इकडे स्वातीला सातवा संपत आला. गोधडी अर्धवट. बाई तिच्याकडे बघायचीही नाही. मला वाटलं, निदान गोधडी पुरी झालेली बघून म्हातारी बोलेल तरी. मोबाईलवर शोधलं, तर ‘लाँगआर्म क्विल्टिंग’ म्हणून प्रकार सापडला. मोठ्ठ्या मशीनवर गोधडी शिवून घरपोच! फॉर्म भरला… माप, धाग्याचा रंग, नक्षी. परदेशात असेल म्हणून पत्ता बघितला, तर आमच्याच जुन्या कंपनीच्या मागचा शेड निघाला. बाई झोपलेली असताना गोधडी उचलली आणि देऊन आलो.

शेडमध्ये पोचलो तर मृणाल, म्हणजे मशीनवाली मुलगी, कमरेवर हात ठेवून उभी. मशीन बघून मीच गार. बारा फुटी चौकट, दोन्ही बाजूंना रूळ, गोधडी त्यावर ताणलेली आणि मशीनचं डोकं तिच्यावरून आगगाडीसारखं फिरणारं. सगळी गोधडी झकास शिवलेली. राहिला होता फक्त एक कोपरा… वीतभर.

“इथं आलं की सुई मोडते,” ती म्हणाली. “बाकीच्यांच्या दहा गोधड्या शिवल्या मधे. काही नाही.”

“बाळा, टेन्शन चुकलं असेल धाग्याचं. सरक.”

मी धागा बदलला. तेल दिलं. कोपऱ्यात टाचणी-बटण राहिलंय का म्हणून चाचपलं, लोहचुंबक फिरवलं. नुसतं मऊ कापड. गोधडी उलटी करून लावली, म्हणजे तोच कोपरा चौकटीच्या दुसऱ्या टोकाला आला. शेवटी जाडजूड सुई बसवली आणि मशीन स्वतः चालवलं. टक-टक-टक… कोपऱ्याशी आलं… कट्ट! सुईचं टोक पार सुपे गावापर्यंत उडालं. गावाचं सोडा, पण सुई मोडली हे खरं. मृणाल तेव्हा बाहेर कुरियरवाल्याशी बोलत होती. तुकडे गुपचूप खिशात घातले. तीस वर्षांची इज्जत होती हो!

घरी आलो. गोधडी बाईच्या मांडीवर ठेवली आणि दोन पावलं मागं सरलो. शिव्या खायची तयारी होती.

बाईनं डावा हात शिवणीवरून फिरवला. कडेकडेनं त्या कोपऱ्यापाशी आली आणि चार महिन्यांत पहिल्यांदा पुरं वाक्य बोलली.

“उपाशी हाय रं ही.”

“कोण उपाशी?”

“गोधडी! शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा घास ठिवल्याबिगर मिटवत्यात व्हय? उपाशी गोधडी लेकराच्या अंगावर घालतोस? एवढा घोडा झालास दत्तू, माज्या गोधड्यांत लोळून…”

मी सुमनकडे बघितलं.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली. “तुम्ही विचारलंत कुठे?”

तिनं भाकरीचा वाळका तुकडा आणून कोपऱ्यात सारला. सुईत दोरा ओवून म्हणाली, “आणा बाई, मी चार टाके घालते.”

“सोड! पनतू माजा हाय.”

आणि मंडळी… इथं मी एक अक्षर वाढवत नाही. तो मेलेला उजवा हात मांडीवरून उठला. दोन बोटं थरथरत जवळ आली आणि त्यांनी सुई धरली. एक टाका घालायला पाच-पाच मिनिटं. वाकडेतिकडे नऊ टाके घातले. सुमन पदर तोंडाला लावून उभी. मी खिडकीबाहेर बघत होतो… डोळ्यात काहीतरी गेलं होतं, दोन्ही डोळ्यांत.

दोरा दातानं तोडून बाई म्हणाली, “त्या पोरीच्या आठ सुया मोडल्या न्हवं? भरून दे तिला.”

“सात हो बाई,” सुमन म्हणाली. “फोनवर सात म्हणाली ती.”

“आठ,” बाई म्हणाली आणि आडवी झाली.

माझा हात खिशात होता… तुकड्यांवर.

हाताचं डॉक्टरांनी सांगितलं. अशी सुधारणा येते कधीकधी, मन लागलं की येते. मान्य. आता बाई रोज टाके घालते, दुसरी गोधडी निम्मी झालीय. स्वातीची मुलगी पहिल्या गोधडीत गुरफटून अशी झोपते की भूकंप आला तरी उठणार नाही. (भूक लागली की उठते.) पण सुया का मोडल्या, आणि आठव्या सुईचं बाईला कोणी सांगितलं, याचा उलगडा मला आजतागायत झालेला नाही. मशीनच्या बाजूनं सगळं तपासून झालंय.

आठ सुया घेऊन मी मृणालकडे गेलो. घास, टाके, लकवा, आठवी सुई… सगळं हातवारे करून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं, सुया मोजून डबीत ठेवल्या आणि म्हणाली,

“काका, फॉर्ममध्ये विशेष सूचनांचा रकाना होता. तो तुम्ही रिकामा सोडला होता.”