कमळवहिनींचा मुखवटा

नथूदादांचं वाटोळं मी केलं.

काल दुपारी पेणजवळच्या जोह्यात ते वारले. सकाळपासून सगळ्या ग्रुपवर «मोठा मूर्तिकार हरपला» फिरतंय. फिरू दे. मला जे माहीत आहे ते मी लिहिते.

मी रोह्याला कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे. रिटायर होऊन वरसेला राहते.

आदिरूप हा टॉपिक आला की दरवर्षी पोरं झोपायची. जगातल्या सगळ्या वस्तू कुठल्या तरी मूळ रूपाच्या नकला आहेत, नकला झिजतात, मूळ झिजत नाही. हे पुस्तकातून कोणाला कळणार?

म्हणून एका वर्षी एसटीने सगळी बॅच जोह्याला नेली.

नथूदादा तिथे मॉडेल करायचे. मॉडेल म्हणजे शाडूची पहिली मूर्ती. तिच्यावर प्लास्टरचा साचा घ्यायचा, आणि मग साच्यातून हव्या तेवढ्या मूर्ती.

साचा काढताना ती पहिली मूर्ती मोडते. ओली मातीच ती, ढेकळं होऊन निघते. तीच तुडवून पुढच्या मॉडेलला घेतात. कोणाला त्याचं काही वाटत नाही.

पोरांना दहा मिनिटांत टॉपिक कळला. तेव्हापासून मी दरवर्षी जायला लागले, आणि दादांची आणि माझी ओळख वाढली.

त्यांनी एक गौरीचा मुखवटा केला होता. बायकोला, कमळवहिनींना, समोर बसवून. ही गोष्ट ते सारखी सांगायचे.

«ती बोलली, मला बगून गौर करता, लोक हसतील. मी बोललो, गप बस गो, व्हट हलतो.»

वहिनींचा खालचा ओठ म्हणे डावीकडे जरा दुमडलेला होता. तसाच केला. पेणचा व्यापारी कुरकुरला, गौर रुसल्यासारखी दिसते. तरी मुखवटा धो धो खपला.

दोन वर्षांनी वहिनी तापाने गेल्या. तीन दिवसांत. मुलगा संतोष तेव्हा दीड वर्षाचा.

फोटो एकही नाही. लग्नात काढला नव्हता, आणि मतदार कार्ड यायच्या आधीच त्या गेल्या.

उरला तो मुखवटा. पण गावात चांगला खपणारा माल दिसला की एक नग विकत घेऊन त्याच्यावरूनच साचा मारतात. माती वाळताना आकसते, म्हणून प्रत्येक वेळी चेहरा थोडा लहान होतो, नाक बोथट होतं. कोणीतरी ओठसुद्धा सरळ करून टाकला. गिऱ्हाइकाला बरा वाटतो म्हणून.

पहिला साचा मात्र दादांकडे होता. त्यातून ते दरवर्षी एकच मुखवटा काढायचे, घरच्या गौरीसाठी. गौरी गेल्या तरी त्याचं विसर्जन करायचे नाहीत. पुढच्या वर्षी नवा काढला की मगच जुना पाण्यात.

साचा जुना झाला. कडा तुटायला लागल्या. दादा दिवसभर तो मांडीवर घेऊन प्लास्टर भरत बसायचे, जेवायचे नाहीत, सुनेवर खेकसायचे. शेवटी संतोष माझ्याकडे आला.

«मॅडम, आमचा आयकत नाय. तुमचा आयकतील. काय तरी समजवा.»

मी गेले. मोठ्या ऐटीत गेले, खोटं कशाला बोलू?

आधी आपल्याकडचं, वेदान्तातलं सांगितलं. दादा, घडा फुटतो, माती उरते. माती खरी, आकार नुसता दिसतो.

दादा म्हणाले, «माती उरते ती मला म्हाईत हाय. जल्मभर तुडवली. माती म्हंजे कमळ नाय.»

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण बत्तीस वर्षं शिकवलेल्या बाईला गप्प बसता येत नाही. मी वर्गातलं आदिरूप काढलं. म्हटलं, रूपसुद्धा जात नाही. तुमचा साचा ही नक्कल, मुखवटा ही नक्कल, वहिनींचं शरीरही नक्कलच. खरं रूप वेगळं असतं, त्याला तडा जात नाही. तुम्ही नकला धरून बसलात म्हणून ते दिसत नाही.

दादांनी मांडीवरचा साचा खाली ठेवला.

«हरवत नाय?»

«नाही.»

«नक्की, मॅडम?»

«नक्की.»

त्या वर्षी गौरींबरोबर त्यांनी मुखवटाही पाण्यात सोडला. साचा स्वतःच्या हाताने हातोडीने फोडला आणि कारखान्यासमोरच्या भरावात टाकला. फोनवर म्हणाले, «आता हलका वाटतं.»

दुसऱ्या दिवशी मी हे वर्गात सांगितलं. इतका चांगला विद्यार्थी कॉलेजात मला कधी मिळाला नव्हता.

चार वर्षांनी त्यांना विसर पडायला लागला. आधी नावं गेली. मग चेहरे. गणपतीच्या दिवसांत ते शेजारच्या कारखान्यांत शिरून एकेक मुखवटा उचलायचे, बघायचे, ठेवायचे. «ही नाय.» पुढचा उचलायचे. «ही पन नाय.»

गेल्या महिन्यात मी दादांना भेटायला गेले. मला ओळखलं. मला ओळखलं नसतं तर बरं झालं असतं.

«मॅडम, तुमी बोलला व्हता, तिचा रूप हाय. मग मला का दिसत नाय? कसा बगायचा, ता नाय सांगितला तुमी.»

बाहेर रिक्षा थांबवून ठेवली होती. मी उठले आणि रिक्षात बसले.

काल स्मशानातून परत येताना संतोष म्हणाला, «मॅडम, मुखवटा मला आठवतं. पन आयचा खरा तोंड कसा व्हता, तुमाला काय आठवतं?»

मी जोह्यात पहिल्यांदा गेले तेव्हा वहिनींना जाऊन सात वर्षं झाली होती. मी त्यांना कधी पाहिलंच नाही. गावातल्या दोन म्हाताऱ्यांना विचारलं. एक म्हणाली गोरी होती, दुसरी म्हणाली सावळी.

तो चेहरा आता कुठेच नाही. वर, मूळ रूपांतही नाही. असता, तर शोधत फिरणाऱ्या त्या माणसाला एकदा तरी दिसला असता.

दादा, शेवटचा नमस्कार. मला माफ करू नका.