बिनकामाची पेंढी

बायको गेल्याला आठ महिने झाले. लेक तिच्या सासरी. घरात बसवत नाही. उठतो, दारापर्यंत जातो, परत येतो, पुन्हा उठतो. परवा निराधार पगाराच्या कागदासाठी कचेरीत गेलो तर तिथला साहेब म्हणाला, "बाबा, अजून किती वर्षं घेणार पगार?" थट्टाच केली त्यानं. पण मला ते खळं आठवलं, आणि तेव्हापासून जास्तच चुळबुळ लागलीय.

दुसऱ्या महायुद्धाच्या वेळची गोष्ट. कोरेगावच्या अलीकडं आमचं गाव. आमचं घर मोटा शिवणारं. बैलांनी विहिरीतनं पाणी ओढायची ती चामड्याची मोट. वर्षभर तिची फाटतूट बघायची आणि सुगीत विहीरवाल्यांच्या खळ्यावरनं ज्वारीच्या कणसांसकट पेंढ्या न्यायच्या, असा रिवाज. मग विहिरींवर तेलाची इंजिनं आली. माझी चामडं शिवायची आरी गंजून गेली.

पहिल्या सुगीला पेंढ्या तशाच मिळाल्या. दुसऱ्या सुगीला इंजिनवाले एका खळ्यावर जमले. मी कडेला उभा, मागं बायको, तिच्या कडेवर तान्ही लेक.

फौजेतनं पेन्शनीत आलेला एकजण म्हणाला, "आमच्याकडं नाव कटलं की पगार कटला. काम न्हाई, मग पेंढी कशाची?"

"एक सुगी देऊ की रं," दुसरा म्हणाला.

"आज एक म्हणशील. फुडं ह्याचा नातू येईल मागाय."

एक म्हातारा शेतकरी होता, तो हसला. "थकला बैल दावणीला ठेवतोसच की गड्या. तसा ह्योबी ऱ्हाऊ दे."

तो माझ्याच बाजूनं बोलला होता. पण मी पंचविशीतला. "मी बैल न्हाई," म्हणालो आणि चालू लागलो. वाटलं, बायको मागनं येईल. आली नाही. बाभळीखाली थांबलो, तर तिचा आवाज आला.

"आवं आबा, ज्या वर्साला मोट फाटली न्हाई, त्या वर्साला तुमी पेंढी दिली का न्हाई?"

"दिली," म्हातारा म्हणाला.

"तवाबी ह्ये बसूनच हुतं. कुणी इचारलं न्हाई."

"वकिलीणच हाय ही," कुणीतरी हसलं.

फौजवाला म्हणाला, "मग किती सुग्या द्यायच्या, तूच सांग."

"सुग्या मोजू नगा. ह्यास्नी काम लागलं की मीच खळ्यावर येऊन नगं म्हणीन."

तसंच ठरलं. ती पेंढ्या डोक्यावर घेऊन आली. मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. भाकरी मात्र खाल्ली.

पाऊस उघडल्यावर मी सांगलीला गेलो. हळदीच्या पेठेत हमाली मिळती म्हणून ऐकलं होतं. पण तिथं हमालांच्या टोळ्या ठरलेल्या, परक्याला पोत्याला हात लावू देत नसत. या वखारीच्या दारातनं त्या वखारीच्या दारात, पाय ठरत नव्हता. कधी झाडलोट मिळायची, कधी तीबी नाही. सुगी तोंडावर आली तेव्हा आमच्या गावचा एक गाडीवान पेठेत भेटला.

"काय रं, लागला का कामाला?"

त्याची ऊठबस इंजिनवाल्यांतच. मी म्हणालो, "व्हय. पक्कं लागलं. घरी सांग."

त्यानं सांगितलं. ती दुसऱ्या दिवशी खळ्यावर गेली आणि म्हणाली, आता नको.

पाडव्याला मी रिकाम्या हातानं घरी आलो. ज्वारीची कणगी पालथी घातलेली. लेकीच्या हातांच्या काटक्या झालेल्या. बायको त्याच इंजिनवाल्यांच्या रानात खुरपायला जात होती. मी खरं ते सांगितलं. तिनं ताट घेतलं. भाकरी वाढली, अर्धीच होती.

"खळ्यावर जाऊन सांगू का?" मी विचारलं.

"नगं. तुमास्नी खोटारडं म्हंतील."

पुढं मला रस्त्यावर खडी फोडायचं काम लागलं. पण पेंढ्या नको म्हटल्यापासनं तोवरचे चार महिने माझ्या ताठ्यापायी तिनं काढले, आणि मरेपर्यंत एकदाही उकरून काढले नाहीत. भांडली असती तर बरं झालं असतं.

कचेरीतल्या त्या साहेबाला उत्तर द्यायचं राहिलंय. आता लिहितो. किती वर्षं ते मोजू नका. काम आहे का नाही तेवढं बघा. आणि ते बाप्याला विचारू नका, बाप्या छाती काढून खोटं सांगतो. घरात जी चूल पेटवती, तिला विचारा.

माझ्या घरची चूल आता मीच पेटवतो. साहेबानं पुन्हा विचारलं तर खरं ते सांगीन, काम नाही म्हणून.