पाहुण्यांना गादीवरून उठवलं, त्याची गोष्ट

परवा शाळेच्या कार्यक्रमात मी प्रमुख पाहुण्यांना गादीवरून उठवलं. हो, चक्क उठवलं... हात जोडून म्हणाले, "साहेब, या गाद्या पोरींच्या जिम्नॅस्टिक्सच्या आहेत. आता त्या उड्या मारणार, गाद्या लागतील."

हेडसरांचा चेहरा असा पडला की बस. पाहुणे मात्र लगेच उठले, खुर्चीत जाऊन बसले आणि नंतर टाळ्याही वाजवल्या त्यांनी. जेमतेम अर्धं मिनिट लागलं असेल. मी घामाघूम झाले होते, आणि कार्यक्रम संपल्यावर सामानाच्या खोलीत जाऊन रडले. का रडले, ते आज लिहूनच टाकते.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. मी शिरड शहापूरची, हिंगोलीला कॉलेजात होते. माझ्याबरोबर कमल होती, आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावकडच्या तांड्यावरची. दोघींना जिम्नॅस्टिक्सचं वेड... खरं सांगायचं तर वेड मला होतं, आणि येत कमलला होतं.

सामान म्हणाल तर सुताराकडून करून घेतलेला एक लाकडी बीम. छातीएवढा उंच, आणि वर पाय ठेवायला वीतभरसुद्धा रुंदी नाही. खाली टाकायला मॅट नव्हत्याच. कमलच्या बापाने कवडी, म्हणजे किडक्या कापसाची दोन पोती जीपच्या टपावर टाकून पाठवली, तो आम्ही पिंजून घेतला आणि दाभण-सुतळीने चार जाड गाद्या स्वतः शिवल्या. माझी बोटं सोलून निघाली, तर कमल हसायची.

शेवटच्या वर्षाला कमलची विद्यापीठाच्या संघात निवड झाली. मी राखीव. तांड्यावरची पोरगी आंतरविद्यापीठ स्पर्धेला जाणार म्हणून आमच्या खेळाच्या सरांनी कॉलेजात सत्कार ठेवला... आणि सत्कारानंतर पाहुण्यांसमोर तिचं प्रात्यक्षिक.

हॉलमध्ये गेलो आणि पाहिलं. पाहुण्यांसाठी बैठक घातलेली. पांढऱ्याशुभ्र चादरी, लोड, तक्के... आणि चादरींखाली आमच्या चारही गाद्या. बीमखाली नुसत्या शहाबादी फरशीवर एक सतरंजी.

कमलने माझा हात धरला. "तू सांग न सरायला. माझाच सत्कार हाय, मी कसं म्हनू पाहुन्यायला उठा म्हून?"

तिचं बरोबरच होतं. बसलेल्या पाहुण्याला उठवायचं म्हणजे आमच्याकडे त्याला तोंड दाखवायची सोय राहत नाही. म्हणून मी गेले. सर एका पाहुण्यांशी बोलत, हसत उभे होते. पाहुण्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली... मी नमस्कार केला आणि तशीच परत आले.

सरांना मी विचारलंच नाही. लाजले, घाबरले, काय झालं मला आजही सांगता येत नाही. कमलला मात्र सांगितलं, "सर म्हनले, हळू उतर."

बीमवर ती काय सुंदर चालली त्या दिवशी... शेवटी उतरताना हवेत उलटी कोलांटी होती. ती हळू मारताच येत नाही, हे मला चांगलं माहीत होतं. तिचे पाय सतरंजीवर टेकले, सतरंजी फरशीवरून सरकली आणि उजवा गुडघा नको त्या बाजूला वळला. तो आवाज मला लिहिता येणार नाही.

तेव्हा मात्र पाहुणे ताडकन उठले. सगळेच. त्यांच्यातल्याच एकाने गादी ओढत आणली आणि कमलला तिच्यावर निजवलं. मी गादीला हात लावला तर ती अजून गरम होती.

स्पर्धेला तिच्या जागी मी गेले. तिथल्या मॅटवर पहिली उडी मारली तर पाय घोट्यापर्यंत मऊ मऊ रुतला, आणि मला तिथेच रडू फुटलं. आले शेवटून दुसरी. पण त्याच सर्टिफिकेटचा पुढे क्रीडाशिक्षिकेच्या नोकरीला उपयोग झाला.

कमलचं कॉलेज सुटलं, वर्षभरात लग्न झालं. आता कनेरगाव नाक्यावर नवऱ्याच्या ढाब्यात दिवसभर उभी राहून भाकरी थापते. संध्याकाळपर्यंत गुडघा सुजून येतो.

इतकी वर्षं ती सगळ्यांना हेच सांगत आली, की सर म्हणाले होते हळू उतर. सरांवर तिचा फार राग. ते वारले तेव्हाही ती आली नाही... आणि मी प्रत्येक वेळी खाली मान घालून ऐकून घेतलं.

परवा शाळेतून निघाले आणि आधी तिला फोन लावला. पाहुण्यांना उठवल्याचं सांगितलं. मग तेही सांगितलं, की त्या दिवशी मी सरांना विचारलंच नव्हतं.

मागे ढाब्यावर कुणीतरी भाजी मागत होतं. मग ती म्हणाली, "लगेच उठले का गं ते पाहुने?"

"व्हय. लगेच."

"येवढंच व्हतं का..." एवढं बोलली आणि फोन ठेवला.

तेव्हापासून ती माझा फोन उचलत नाही. तिचा हक्क आहे तो. सरांच्या नावाला इतकी वर्षं जो बोल लागला तो माझ्यामुळे, हे आज सगळ्यांसमोर कबूल करते.

आणि कमल, तू हे वाचशील की नाही माहीत नाही... परवाच्या पोरी नीट उतरल्या गं. चौघीही.