दोन बटणं

अड्याळजवळच्या एका गावात मी तिसरी-चौथीला शिकवत होतो. पवनीहून सायकलनं जायचो. नवा मास्तर असल्यानं आपल्याला फार येतं असा माझा समज होता. मूल वाचायला लागलं की दर ओळीला अडवून मी चूक काढायचो. एका मुलीनं तर तिसरीतच वाचणं सोडून दिलं. उभी केली की पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहायची.

ऐंशी सालाच्या आसपास नागपूरच्या भावानं मला त्याचा जुना टेपरेकॉर्डर दिला. शाळेचा रेडिओ मोठ्या गुरुजींनी ‘पोरं बिघडवतील’ म्हणून कपाटात कुलूप लावून ठेवला होता. त्या रागानं मी हे यंत्र सरळ पोरांच्याच हाती दिलं. कॅसेट एकच. आवाज भरायचा तर दोन बटणं एकदम दाबायची, ऐकायचा तर एकच. सेल उतरले की पोरं ते खिडकीत उन्हाला ठेवत, मग यंत्र आणखी चार ओळी बोले. एकेकानं शेजारच्या खोलीत एकट्यानं धडा वाचायचा आणि स्वतःच ऐकायचा, असा नेम झाला. पोरं आपल्या चुका आपणच धरू लागली. मला फारसं कामच उरलं नाही.

एक दिवस ती मुलगीही आत गेली. शाळा सुटल्यावर मी टेप लावून पाहिली, तर अख्खा धडा, खणखणीत. मला आनंद झाला आणि मेल्याहून मेल्यासारखंही झालं. वर्षभर तिला मीच बोलू देत नव्हतो. कॅसेटची ती बाजू मग मी कोणाला पुसू दिली नाही.

धानाची रोवणी सुरू झाली तशी तिची आई शाळेत आली. पोटऱ्यांपर्यंत बांधीतला चिखल.

“हिचं नाव काढून द्या, गुरुजी. तोंडच उघडत नाही, त शाळेत कायले पाठवू? घरी लहान्या भावाले तरी पाहील. मी रोवणीले मोकळी होईन.”

“पाच मिनिटं बसा बाई.” मी टेपरेकॉर्डर टेबलावर मांडला आणि ऐटीत बटण दाबलं. “ऐका आता, तुमची पोरगी कशी वाचते ते.”

कॅसेट फिरत होती. आवाज काही येईना. आईनं कान जवळ नेला.

“मले त काहीच आयकू नाही येऊन राहिलं, गुरुजी.”

मी यंत्राला थापट्या मारल्या, सेलांचा उद्धार केला. घाईत मी दोन्ही बटणं दाबली होती. तिचा धडा पुसला जात होता आणि त्यावर माझी बडबड चढत होती. दारात उभ्या असलेल्या मुलीला ते दिसलं असावं, पण गुरुजींची चूक गुरुजींना कोण सांगणार? तिनं टेबलावरचं पुस्तक उचललं, आईसमोर उभी राहिली आणि वाचू लागली. दोन ठिकाणी चुकली. माझे ओठ उघडले होते. मी ते मिटून घेतले.

ती कॅसेट अजून माझ्याकडे आहे. त्यावर आधी माझी ऐट, मग थापट्या, मग तिचा पूर्ण धडा. पुस्तक मिटल्याचा आवाज येतो. मग तिची आई म्हणते, “राहू द्या नाव, गुरुजी. लहान्याले मी बांधीवर घेऊन जाईन.”