टोकाच्या घरचा कंदील

मानवतच्या एका शिंप्याच्या घरातला कंदील मी अजून विसरलेलो नाही. विजेच्या दिव्याखालीच तो पेटवून ठेवलेला असे.

निजामी अमलाची ती शेवटची वर्षे. मी तिथल्या ठाण्यात अमीन, म्हणजे आजचा फौजदार होतो. कापसाच्या एका जिनिंगचा मालक आपल्या तेलाच्या इंजिनावर बाजारगल्लीतल्या घरांना संध्याकाळची वीज देई. घरात मीटर नाही, बटणही नाही. इंजिन सुरू झाले की दिवे लागत, थांबले की विझत. पैसे दिव्यामागे ठरलेले. दिवाही जिनिंगचाच, लहान, शिक्क्याचा.

महायुद्धात तेल महागले आणि दर वाढला. पुढे पुन्हा वाढला. दिवे तेवढेच, पण इंजिन जास्त तेल पिते, म्हणजे कुणीतरी वीज चोरते, अशी फिर्याद जिनिंगच्या मुनिमाने दिली. गल्लीत संताप होता. चोर कोण, एवढेच प्रत्येकाला हवे होते.

गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या किराणा दुकानदाराने खबर दिली. "अमीनसाब, शेवटच्या घरचा शिंपी धरा. त्याचा दिवा लय बारीक जळायलाय. करंट तिथून फुटून कुठंतरी जायलाय."

मी शिंप्याला ठाण्यात बोलावले. गुन्हा शाबीत झाल्यास तार तुटणार आणि खटलाही होणार, हे त्याला सांगितले.

"लगीनसराई तोंडावर हाय, साहेब. नवरदेवाचे कोट हायत माझ्याकडं. कोर्टात फिरलो तर गिऱ्हाईक दारात उभं ऱ्हाईल का?"

"मग तुझाच दिवा बारीक का?"

"ते मला इचारता व्हय? पैसे समद्यांएवढे अन् उजेड काजव्याएवढा!"

ठाण्यातला जमादार हसला. "साहेब, लय बोलका चोर हाय."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी न सांगता त्याच्या घरी गेलो. शिंपी कंदिलाजवळ वाकून सुईत दोरा ओवत होता. वरचा दिवा नुसता लाल दिसत होता. जमादाराने भिंती, आढे, सगळी तार पाहिली. कुठेही जोड नव्हता. शिवाय वीज चोरणारा माणूस वर रॉकेल कशाला जाळील?

मी शेतकऱ्याच्या घरचा. शेवटच्या वाफ्याला पाणी पोचले नाही तर आम्ही त्या वाफ्याशी भांडत नाही. पाटाच्या कडेने वर चालत जातो. तारेखालून तसाच जिनिंगच्या दिशेने चालत निघालो आणि खबऱ्या दुकानदाराच्या दारात थांबलो. ओसरीवर उजेडच उजेड होता.

"शेठ, तुमचा दिवा बघायचाय."

"आत्ता? थांबा जरा, आत बायामाणसं हायत."

शेठ आत गेले. एकदम अंधार झाला आणि पाठोपाठ "आई गं!" असा आवाज आला. मग त्यांची बायको बोलली, "अवं, फडक्यानं धरायचा ना! मागल्या तपासणीला काय सांगितलं व्हतं मी?"

दिवा पुन्हा लागला तो मंद. शेठ बोट तोंडात घालून बाहेर आले. तांदळाच्या डब्यात मोठा दिवा सापडला, अजून गरम.

"मी एकटाच न्हाई, साहेब," ते चिडून म्हणाले. "समदी गल्ली बघा की! पैसे दिव्यामागं हायत. मग बारका कशाला लावायचा?"

ते खरे निघाले. पंचनाम्यात बाकी सगळ्या घरी जालन्याहून आणलेले मोठे दिवे मिळाले. शिक्क्याचे दिवे जिनिंगच्या तपासणीच्या दिवसापुरते जपून ठेवलेले होते. शिक्क्याचाच दिवा लावणारा एकटा शिंपी होता.

सगळ्यांवर खटले भरायला मुनीम तयार नव्हता; गिऱ्हाईक त्यालाही हवे होते. मोठे दिवे जप्त करून मी माझ्यासमोर लहान दिवे बसवून घेतले. शेवटी शिंप्याच्या घरी आलो. त्याचा दिवा पांढरा झाला होता. त्याने सुई वर धरून पाहिली, वाकला आणि कंदिलाची वात खाली केली.

पुढे दुसरी दरवाढ मागे घेतली गेली. पहिली राहिली, कारण तेल खरोखरच महागले होते, हेही सांगितले पाहिजे.

आता मी पेन्शनीत आहे, घरात मीटर आहे. बिल वाढले की आमच्या गल्लीतही चोराची चर्चा होते आणि बोट नेहमी शेवटच्या झोपडीकडे जाते. त्या शेठांनी जाणूनबुजून खोटी खबर दिली असे मला आजही वाटत नाही. आपला दिवा कुणाच्या उजेडातून जळतो, हे त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. चर्चा सुरू झाली की मी उठतो आणि घरातल्या रिकाम्या खोलीतला दिवा आधी बंद करून येतो.